साट्याची करंजी : एका पक्वान्नाचा शोध



स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी संपादक मंडळाची आज्ञा यंदाही झाली. प्रस्तुत लेखक मॅट्रिकपर्यंत शिकलेला व पुढे शिक्षकाची सनद घेऊन खेडोपाडीच्या शाळांतून आयुष्य घालविलेला एक सामान्य मनुष्य आहे. इतिहाससंशोधकाचा अधिकार त्याचे ठायी नाही. तथापि आपल्या समाजाच्या घराघरांत जी वस्तू सणावारी दिसते, जिच्याविषयी आपण अभिमानाने बोलतो, तिचा खरा वृत्तांत काय, एवढे तपासून पाहण्याचा यत्न त्याने सेवानिवृत्तीनंतर केला. ती वस्तू म्हणजे साट्याची करंजी. विषय चुलीजवळचा आहे म्हणून वाचकांनी तो क्षुद्र मानू नये. राजेरजवाड्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. आपल्या आयाबहिणींच्या हातांचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहिला नाही.

प्रथम एक कबुली देणे मला अवश्य वाटते. आपल्या समाजात एक आख्यायिका सर्वश्रुत आहे. देवगिरीच्या यादवांच्या मुदपाकखान्यासाठी आपल्या पूर्वजांनी पितळी कातणे घडविली, आणि त्या राजवाड्यातूनच पदरा-पदरांची ही करंजी आपल्या घरी आली, असे वडीलधारे सांगत. मीही ती आख्यायिका वर्गात तीस वर्षे इतिहास म्हणून सांगितली. निवृत्तीला थोडी वर्षे राहिली असता सातवीच्या वर्गातील एका मुलीने उभे राहून विचारले, "गुरुजी, हे कुठं लिहिलेलं आहे?" मी तिला म्हटले, उद्या सांगतो. तो उद्या काही उगवला नाही. त्या मुलीचे शिक्षण पुरे झाले, मी निवृत्त झालो, आणि उत्तर माझ्या अंगावर राहिले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजावे.

आख्यायिका आणि आधार

देवगिरीचे यादव हे थोर राजकुल होते यात संशय नाही. पाचव्या भिल्लमाने इ.स. 1187 च्या सुमारास देवगिरीस राजधानी केली. रामचंद्रदेवाच्या काळी, म्हणजे इ.स. 1271 पासून पुढे, तिचे वैभव कळसास पोहोचले. आपले बदनापूर जालना आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) यांना जोडणाऱ्या वाटेवर आहे, आणि देवगिरी तेथून काही फार दूर नाही. त्यामुळे आपल्या पूर्वजांचा त्या राजधानीशी व्यापारी संबंध आला नसेल असे कोण म्हणेल? परंतु "आला असेल" आणि "आला होता" या दोन वाक्यांत जे अंतर आहे तेच कथा आणि इतिहास यांतील अंतर होय. आपल्या आख्यायिकेस आधार देणारा एकही शिलालेख, ताम्रपट अथवा बखरीतील उतारा माझ्या पाहण्यात आला नाही. तेव्हा यापुढे ती कथा म्हणूनच सांगावी, इतिहास म्हणून सांगू नये, अशी माझी नम्र सूचना आहे.

मग आधार कशास आहे? तो पाहू गेल्यास असे आढळते की, साट्याची करंजी ही दोन निरनिराळ्या विद्यांची सोयरीक आहे. पिठाचे पदर सुटे करणे ही एक विद्या. पारीच्या पोटात सारण भरून तळणे ही दुसरी. या दोहोंचा मागोवा वेगवेगळा घ्यावा लागतो.

पदरांची विद्या

कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. निजामाच्या राज्यात आपला मराठवाडा होता तेव्हा तेही त्याच राज्यात होते. या ग्रंथाच्या अन्नविषयक भागात मंडक, म्हणजे आपले मांडे, वर्णिलेले आहेत. गहू धुऊन, वाळवून, दळून, चाळून, तुपाच्या हाताने मळलेले पीठ हातावर पसरवीत न्यावयाचे आणि तापल्या खापरावर टाकावयाचे, ही क्रिया आजच्या मांडेकरणीस सहज ओळखता येईल. यावरून एवढे सिद्ध होते की, गव्हाच्या पिठातील चिवटपणा ओळखून त्याचा पातळ पडदा करण्याची कला दक्षिणेत निदान नऊशे वर्षांची जुनी आहे.

परंतु साट्याचे काय? येथे मला जे सापडले ते वाचकांस सांगताना आनंद वाटतो. सोळाव्या शतकातील वैद्य भावमिश्र याचा 'भावप्रकाश' हा आयुर्वेदाचा ग्रंथ प्रसिद्धच आहे. त्यात शिजविलेल्या अन्नांच्या प्रकरणी 'फेनिका' नावाचे पक्वान्न दिलेले आहे. पीठ लाटावयाचे, त्यास तूप आणि तांदळाची पिठी यांचे मिश्रण माखावयाचे, घडी अथवा वळकटी करावयाची, कापावयाचे, पुन्हा लाटावयाचे आणि तुपात तळावयाचे, अशी ती कृती आहे. आणि त्या माखावयाच्या मिश्रणास ग्रंथकाराने नाव दिले आहे 'शट्टक'. आपण म्हणतो साटा. द्रव्य तेच, काम तेच आणि उच्चारही जवळचा. मी भाषाशास्त्री नव्हे. परंतु तो शब्द प्रथम वाचला तेव्हा आमची आजी काशाच्या वाटीत तूप फेसीत समोर बसली आहे असा मला भास झाला. ज्या बाईस अक्षरओळख नव्हती तिच्या तोंडी चारशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथातील शब्दाचा सोयरा नांदत होता!

सारणाची विद्या

दुसऱ्या विद्येचा पुरावा आपल्या उंबरठ्याजवळचा आहे. महंमद तुघलकाने इ.स. 1327 मध्ये देवगिरीस दौलताबाद असे नाव देऊन तेथे राजधानी हलविली, हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. त्याच सुलतानाच्या दरबारी इब्न बतूता हा मोरोक्को देशाचा प्रवासी इ.स. 1333 नंतर काही वर्षे होता. सुलतानाच्या भोजनात सांबुसक नावाचा पदार्थ वाढला जाई, असे त्याने लिहून ठेवले आहे. खिमा, बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा आणि मसाला यांचे सारण पातळ पोळीत गुंडाळून तुपात तळीत. याच प्रवाशाने दौलताबादेस द्राक्षे व डाळिंबे होतात, आणि वर्षातून दोनदा होतात, अशीही नोंद केली आहे. माळव्यातील मांडू येथील सुलतानांसाठी इ.स. 1500 च्या आगेमागे 'निमतनामा' हा सचित्र पाकग्रंथ तयार झाला, त्यातही अशा भरलेल्या व तळलेल्या पदार्थांचे अनेक प्रकार आहेत.

यावरून करंजी परदेशातून आली, असे अनुमान कोणी घाईने काढू नये. वर सांगितलेल्या भावप्रकाशातच 'कर्पूरनालिका' म्हणून एक पक्वान्न आहे. पिठाच्या नळीत लवंग, मिरे, कापूर व साखर भरून ती तुपात तळावी असे त्यात म्हटले आहे. तेव्हा गोड सारण भरून तळणे येथेही चालत होतेच. एका गावच्या विहिरीवर दोन वाटांनी बायका पाण्यास याव्यात आणि कोणाची घागर आधी बुडाली हे सांगता येऊ नये, तशातला हा प्रकार आहे. करंजी हे नाव मात्र अस्सल आपले. करंजाच्या शेंगेसारखा आकार म्हणून ते पडले असे मानतात. आपल्या भागात कानवला अथवा कानोला असेही म्हणतात, आणि गोव्यात तिलाच नेवरी म्हणतात. ती तेथे हिंदूंच्या घरी गणेशचतुर्थीस व ख्रिस्ती घरी नाताळात होते. धर्म पालटला तरी करंजी पालटली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

जगातही अशी भावंडे आहेत. गोव्याच्या बेबिंकेत नारळाचे दूध, अंडी व साखर यांचे थर एकावर एक भाजून चढवितात, तिला इ.स. 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तुर्कस्तानच्या सुलतानांच्या राजवाड्यातून रमजानच्या पंधराव्या दिवशी शिपायांना बाकलाव्याची ताटे मिरवणुकीने वाटली जात. ते सैन्यच इ.स. 1826 मध्ये मोडले तेव्हा ती प्रथा संपली. हंगेरी देशातील यहुदी लोक 'फ्लोदनी' नावाची थरांची वडी करतात. तिच्या थरांत काय असते? खसखस, अक्रोड, सफरचंद आणि आलुबुखाराचा मुरंबा. म्हणजे हजारो कोसांवरच्या एका गृहिणीच्या डब्यात तीच खसखस, आणि फळ व सुका मेवा पदरांत झाकून ठेवण्याची तीच युक्ती. माणसाचे सुख फार निराळे नसते.

बदनापुरास हे साहित्य कसे आले

आता आपल्या गावाकडे वळू. गहू आणि तूप ही घरची. खोबरे, खारीक, बेदाणा, चारोळी, बदाम, वेलची, जायफळ हा सारा बाहेरचा माल. तो पूर्वी बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून जालन्याच्या पेठेत येई. इ.स. 1900 च्या सुमारास मनमाडपासून हैदराबादकडे जाणारा मीटर गेज लोहमार्ग झाला, बदनापूर हे त्यावरील एक स्टेशन ठरले, आणि किनाऱ्यावरचे खोबरे व मुंबईची साखर आपल्या बाजारात सुलभ झाली. म्हणून आज आपण ज्या सारणास परंपरागत म्हणतो, ते या सुलभतेने मिळणाऱ्या जिनसांमुळेच घरोघर पोहोचले असावे असे माझे मत आहे. त्यापूर्वी सामान्य घरी गूळ आणि तीळ यांवरच भागत असेल.

पारीसाठी आज आपण पुड्यातील मैदा घेतो. पूर्वी गहू ओलवून, जात्यावर दळून, वस्त्रगाळ करून सपीट आणि बारीक रवा वेगळा काढीत. एका सणाच्या करंज्यांसाठी दोन दिवसांचे दळण असे. इ.स. 1937 मध्ये डालडा बाजारात आला आणि पुढे तुपाची जागा पुष्कळ घरांत त्याने घेतली. कृतीही तोंडी न राहता छापली जाऊ लागली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' इ.स. 1875 मध्ये, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' इ.स. 1910 मध्ये आणि कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' इ.स. 1970 मध्ये प्रसिद्ध झाली. या पुस्तकांनी मोठे उपकार केले आहेत. तरी आमच्या आजीसारख्यांची पाककृती कोणत्याही पुस्तकात नव्हती. ती तिच्या मनगटात होती.

करण्याची रीत

ती रीत येथे नोंदवून ठेवतो, म्हणजे निदान कागदावर तरी उरेल. पारीसाठी दोन वाट्या बारीक रवा व एक वाटी मैदा, चिमूटभर मीठ आणि चार चमचे कडकडीत तुपाचे मोहन. दुधात घट्ट भिजवून दोन तास ओल्या फडक्याखाली झाकावे. मग पाट्यावर वरवंट्याने कुटावे. हे कुटणे टाळू नये; रवा फुगून पीठ लोण्यासारखे मऊ झाले म्हणजे समजावे की पारी फाटणार नाही.

साट्यासाठी अर्धी वाटी थिजलेले तूप तळहाताने फेसावे आणि त्यात मावेल तशी तांदळाची पिठी घालीत जावे. पांढरे, हलके झाले म्हणजे थेंबभर पाण्यात टाकून पाहावे. तरंगला तर साटा झाला. बुडाला तर आणखी फेसावे. तांदळाचीच पिठी का? गव्हात चिकटपणा आहे, तांदळात तो नाही. गव्हाच्या दोन पोळ्यांमध्ये तूप व तांदूळ बसले की त्या पोळ्या एकमेकींस धरू शकत नाहीत. तळताना आतील ओलाव्याची वाफ होते, ती पदरांस वर उचलते आणि पदर सुटतात. आजीला हे शास्त्र ठाऊक नव्हते, परंतु परिणाम पक्का ठाऊक होता.

तीन पातळ पोळ्या लाटाव्यात. एकीवर साटा माखून दुसरी, तिच्यावर साटा माखून तिसरी, आणि तिच्यावरही साटा लावून घट्ट वळकटी करावी. वळकटीस चार वेढे बसले तर मध्यापासून काठापर्यंत बारा पदर होतात. हा तिसरीतल्या मुलाचा गुणाकार आहे. वळकटीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत व ते हलक्या हाताने लाटावेत. जोर दिला की पदर एकमेकांत मिसळून जातात आणि सारे श्रम वाया जातात.

सारणासाठी भाजून चुरलेले खोबरे तीन वाट्या, पिठीसाखर दोन वाट्या, भाजून कुटलेली खसखस चार चमचे, खारकेची पूड अर्धी वाटी, बेदाणे पाव वाटी, थोडी चारोळी व बदामाचे काप, आणि वेलची-जायफळाची पूड. खोबरे पूर्ण निवाल्याखेरीज साखर मिसळू नये, नाहीतर सारणास पाणी सुटते. पारीत सारण भरून काठास दुधाचे बोट लावावे, कड दाबावी व कातण फिरवावे. तूप मंद तापलेले असावे, आणि झाऱ्याने ते करंजीवर उडवीत राहावे. करंजी तांबूस होता कामा नये. मोगऱ्याच्या कळीसारखी फिकट असतानाच पदर उमलले पाहिजेत.

कातण

आपला धंदा बांगड्यांचा आणि भांड्यांचा. गावोगावच्या स्त्रियांच्या हातांत बांगड्या भरणारे आणि त्यांच्या स्वयंपाकघरात परात, तपेली, घंगाळ पोहोचविणारे ते आपणच. करंजीची कड कातरणारे पितळी कातण हेही आपल्याच दुकानात मिळे. एका टोकास नागमोडी दातांचे फिरते चाक, दुसऱ्या टोकास मूठ. एवढीशी वस्तू, परंतु तिच्यावाचून करंजीस कातर पडत नाही. आमच्या घरी असे एक कातण आहे. देवगिरीच्या राजवाड्यातले म्हणून आम्हांस ते दाखविले जाई. मी ते नीट घासून उजेडात पाहिले आहे. ते साधे, बाजारी घडणीचे कातण आहे. राजचिन्ह वगैरे त्यावर काही नाही. त्याची खरी कथा वेगळी आहे, आणि तिचा मी साक्षीदार आहे.

इ.स. 1972 साली मी बारा वर्षांचा होतो. त्या वर्षीचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांस काही सांगणे नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांस सांगून कळणे कठीण. आधीची दोन वर्षेही ओढीचीच गेली होती. स्टीलची व अल्युमिनियमची भांडी येऊन आमचा धंदा आधीच बसला होता. दुष्काळात बांगड्या कोण भरणार? बाबांनी एकेक करून घरची पितळ मोडीत काढली. आधी दुकानातली, मग स्वयंपाकघरातली. परात गेली, हंडे गेले, ज्या घंगाळात मला न्हाऊ घालीत ते घंगाळही गेले. मोड घेणारा तराजू घेऊन ओसरीवर बसला होता. शेवटी पासंगाला म्हणून त्याने ते कातण उचलून पारड्यात टाकले. आजी आतून आली, पारड्यातून कातण काढून घेतले आणि म्हणाली, "याचं वजन करू नका, बापा." एवढेच बोलून ती आत गेली. बाबा मान खाली घालून बसले होते. तो मनुष्यही काही बोलला नाही.

थोड्याच दिवसांत ज्येष्ठा गौरी, म्हणजे आपल्या महालक्ष्म्या आल्या. आपल्याकडे त्यांच्या मस्तकावर फुलोरा टांगण्याची चाल आहे. करंज्या, साटोऱ्या, पापड्या, वेणी, फणी असे पिठाचे नाना प्रकार तळून देवीवर दोऱ्यांनी बांधतात. त्या वर्षी शिधापत्रिकेवर मिलो नावाची तांबडी ज्वारी मिळे, तिच्याच पापड्या करून आजीने फुलोरा भरला. साट्याच्या करंज्या मात्र दोनच केल्या. तेवढ्यापुरते गव्हाचे पीठ व तूप तिने कोठून आणले ते तिने सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. खोबरे नव्हते, खारीक नव्हती, बदाम तर दूरच. मग सारणात काय घातले? गेल्या हिवाळ्यातले बोरकूट, भाजलेले शेंगदाणे, टरबुजाच्या सोललेल्या बिया आणि मुठीत मावेल एवढा गूळ. मी जवळ बसून पदर मोजू लागलो तेव्हा ती म्हणाली, "बाळा, पदर मोजू नको, सुटले का ते पाह्य."

एका करंजीची कड तिने त्या कातणाने कातरली व ती फुलोऱ्यात मध्यभागी बांधली. दुसरीस कातण लावले नाही. हाताने मुरड घातली. हा मुरडीचा कानवला. ज्ञातिभगिनींस विदितच आहे की, गौरी निघतात तेव्हा त्यांस मुरडीचा कानवला दाखवितात, हेतू हा की त्यांनी मुरडून, म्हणजे वळून, पुन्हा घरी यावे. घरातले माणूस दूर जावयाचे झाल्यासही हाच कानवला देतात. त्या वर्षी महालक्ष्म्यांबरोबर आमची आक्काही जाणार होती. तिच्या सासरची मंडळी दुष्काळी कामावर खडी फोडावयास निघाली होती, आणि तिला बरोबर जाणे भाग होते. आजीने नैवेद्य दाखविला आणि तो एकच कानवला देवीपुढून उचलून आक्काच्या पदरात बांधला. देवीच्या वाट्याचा कानवला लेकीस देताना तिने क्षणभरही विचार केला नाही.

आक्का पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांस आली. तेव्हा इ.स. 1973 चा पाऊस बरा झाला होता. तिने सांगितले की, तो कानवला तिने चार दिवस जपला आणि नंतर कामावरच्या चार मुलांत वाटला. पदर एकेक करून सुटत होते, म्हणून प्रत्येकास थोडा थोडा पुरला. "एकसंध असता तर भांडणं झाली असती," असे ती हसून म्हणाली. माझ्या मते साट्याच्या करंजीची याहून मोठी थोरवी कोणत्याही राजवाड्यात सांगितली गेली नसेल.

उपसंहार

तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नास माझे उत्तर असे. बेटा, देवगिरीची गोष्ट कोठेही लिहिलेली नाही, आणि मी ती खरी म्हणून सांगितली ही माझी चूक झाली. पदर सोडविण्याची युक्ती संस्कृत ग्रंथात आहे, सारण भरण्याची प्रवासवर्णनात आहे, साहित्य आगगाडीने आले आहे. आणि या तिन्हींस एकत्र आणून जगविले ते ज्या बायांनी, त्यांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. आपल्या समाजास अभिमानच बाळगावयाचा असेल तर त्याने यादवांच्या ताटाचा न बाळगता पारड्यातून काढून घेतलेल्या त्या कातणाचा बाळगावा.

आज आपली स्थिती पालटली आहे. समाजातील मुले-मुली शिकून पुण्या-मुंबईस आणि परदेशीही गेली. आपल्या जालना जिल्ह्याची मोसंबी भौगोलिक मानांकन मिळवून नावारूपास आली, बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने काढलेले तुरीचे वाण दूरदूर पेरले जातात, कडवंचीच्या शिवारात द्राक्षे लटकतात. त्या कानवल्यात ज्यांच्याऐवजी बोरकूट घालावे लागले, तो सुका मेवा आज कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. करंज्याही तयार मिळतात, आणि त्या वाईट असतात असे मी म्हणणार नाही. ज्या घरात दोघेही नोकरीस जातात तेथे दोन दिवसांचे दळणकांडण करा, असा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. जन्मभर आयत्या ताटावर बसलेल्या पुरुषाने तर तो मुळीच करू नये. हा लेख लिहिण्यापूर्वी मी स्वतः साटा फेसून पाहिला. पहिल्या खेपेस थेंब बुडाला, दुसऱ्या खेपेसही बुडाला. तिसऱ्या खेपेस तरंगला तेव्हा मनगट भरून आले होते. आजीने हे साठ वर्षे केले.

माझी विनंती एवढीच. प्रत्येक घरी वर्षातून एक दिवस, महालक्ष्म्यांस म्हणा की दिवाळीस, थोरली पिढी आणि धाकटी पिढी, मुली आणि मुलगेही, एका परातीभोवती बसावीत. निदान दोन करंज्या घरी व्हाव्यात, एक कातरलेली व एक मुरडीची. आणि करताना थोरल्यांनी आपल्या आजीचे नाव मुलांस सांगावे, त्यांनी ते वहीत लिहून ठेवावे. म्हणजे पुढे एखाद्या मुलीने "हे कुठं लिहिलेलं आहे?" असे विचारले असता तिच्या गुरुजींस माझ्यासारखी मान खाली घालावी लागणार नाही.

आमच्या घरचे कातण मी नातीच्या स्वाधीन केले आहे. आक्का आता थकली आहे, परंतु ती दरवर्षी महालक्ष्म्यांस येते, आणि जाताना तिच्या पिशवीत मुरडीचा एक कानवला घातल्यावाचून आम्ही तिला निरोप देत नाही. लेखनात काही न्यून राहिले असल्यास ज्ञातिबांधवांनी क्षमा करावी व चूक दाखवून द्यावी. इत्यलम्.